प्रशिक्षित अधिकाऱ्याच्या उपस्थितीत

"मॅडम, चेंबरच्या आत गॅस असेल तर त्याला सर्टिफिकेट दाखवल्यावर तो बाजूला सरकतो का?"

हा प्रश्न मी हिंदीत टाइप केला आणि एंटर दाबलं. कारण काय, तर शेजारी बसलेली मोना म्हणाली, "तेरे से नहीं होगा," आणि शुभम म्हणाला, "ही फक्त स्टेजवरच शेरनी आहे." माझ्याकडून होणार नाही असं या वर्षी मला कोणी म्हणायचं नाही. शाळेच्या वादविवादात मी बारावीच्या पोरांना हरवलं, मग मला हाऊस कॅप्टन केलं, आणि तेव्हापासून आई म्हणते की मी जेवायला वाढ म्हणते तेसुद्धा माइकसमोर उभी असल्यासारखं.

पण ज्या ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये मी तो टाकला ते माझं नव्हतं. ते बाबांचं होतं. स्क्रीनवर प्रश्नाच्या वर नाव उमटलं ते 'दयाराम लांजेवार, प्रभारी सफाई निरीक्षक.'

हे जरा नीट सांगते. आजोबा भंडाऱ्याकडून इकडे रायपूरजवळ, पोलादाच्या प्लांटच्या नोकरीला आले होते. बाबांना प्लांटमध्ये जागा मिळाली नाही, पालिकेत मिळाली. नाल्या, गटारं, सीवरचे चेंबर हे त्यांचं खातं. प्रभारी म्हणजे काम पूर्ण तुमचं, जबाबदारीही तुमची, फक्त खुर्ची तुमची नाही, साहेबांच्या मनात आलं की उठायचं. मला समजतं तेव्हापासून बाबा प्रभारीच आहेत. या वर्षी वरून हुकूम आला की शहरातल्या सगळ्या अधिकारी-कर्मचाऱ्यांनी ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करायचं, आणि पूर्ण करणाऱ्यांचाच पक्क्या पदासाठी विचार होणार. वर्ग दुपारी. आणि दुपारचं फील्डवरचं कामही थांबवायचं नाही. आता एक माणूस नालीजवळही उभा राहील आणि स्क्रीनसमोरही बसेल, हे कसं व्हावं?

ते असं झालं की सगळ्यांनी लिंक घरी सुरू ठेवली आणि समोर आपापली पोरं बसवली. शिकवणं सुरू असताना मधूनच एक चौकट येते, 'क्या आप उपस्थित हैं?' ती जायच्या आत 'हां' दाबायचं. याला आम्ही हजेरी दाबणं म्हणतो. मोनाची आई आम्रपाली काकू टॅक्समध्ये आहे, शुभमचे बाबा सुशील काका जन्म-मृत्यू नोंदणीत. शाळा सुटली की तिघंही आमच्या रिसालीच्या घरी. टेबलावर तीन स्क्रीन, मधे मुर्र्याचा चिवडा, आणि पालिकेचे तीन जण प्रशिक्षित होऊन राहिले.

मोना दाबता दाबता नेलपॉलिश लावायची. शुभम बाजूला गेम खेळायचा. मी मात्र बघायची. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण रायपूरच्या त्या मॅडम शिकवायच्याच अशा की बघावंसं वाटायचं. कोणता गॅस कुठे साचतो, चेंबर किती वेळ उघडं ठेवायचं, आत पडलेल्या माणसाला वाचवायला दुसऱ्याने का उतरू नये. परीक्षा आली की बाबा फोनवर ओटीपी सांगायचे, मी उत्तरं द्यायची. ते विचारायचे, "झाला का पास?" मी म्हणायची, "फर्स्ट आले बाबा तुमी." ते हसायचे. अख्ख्या बॅचमध्ये दयाराम लांजेवार पहिले आले होते. त्यांच्या खात्यात सुरक्षेचं सर्टिफिकेट अजून दुसऱ्या कोणालाच मिळालं नव्हतं.

तर माझा प्रश्न मॅडमनी मोठ्याने वाचला. मोनाने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं मॅडम रागावतील. त्या म्हणाल्या, "दयाराम जी, इस बॅच का ये पहला असली सवाल है. नहीं सरकता. आपके यहाँ गॅस नापने की मशीन है?"

"बोल ना शेरनी," शुभम कुजबुजला.

बाबा जेवताना कित्येकदा म्हणायचे की मशीन मागून मागून तोंड दुखलं. मी टाइप केलं, 'नहीं है.'

तेवढ्यात आतापर्यंत काळी असलेली एक चौकट उजळली. त्यात एक गोरेसे, चष्मा लावलेले गृहस्थ होते, मागे पालिकेचं कॅलेंडर. धनंजय साहेब. बाबांच्या खात्याचे मोठे साहेब. ते वर्गात आहेत हे आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं.

"मॅडम, सब उपलब्ध है," ते अगदी शांतपणे म्हणाले. "दयाराम को जानकारी नहीं होगी." आणि चौकट पुन्हा काळी झाली.

शुभमने गेम बंद केला. मोना म्हणाली, "यार, मिटा दे ना." मी मिटवायला गेले, पण तो प्रश्न आता सगळ्यांच्या स्क्रीनवर होता, आणि त्याच्यावर माझ्या बापाचं नाव.

बाबा संध्याकाळी आले ते बूट न काढताच खुर्चीवर बसले. आई आत शिवायला आलेल्या ब्लाउजला हुक लावत होती, तिने मान वर करून पाहिलं. आमच्याकडे बूट घालून कोणी आत येत नाही.

"तू लिहिलं का ते?" बाबांनी मला विचारलं.

"हो."

"कावून?"

"मोना म्हणे की..." वादविवादात माझं वाक्य कधी असं अर्धं राहिलं नव्हतं. "साहेब रागावले का बाबा?"

"नाही," बाबा म्हणाले. "रागावले असते त बरं झालं असतं. साहेबानं मले केबिनमध्ये बसवलं. चहा पाजला. हसून राहिले होते. म्हणे, दयाराम जी, तुम तो टॉपर निकले, अब तुम्हारी ट्रेनिंग का फायदा शहर को मिलना चाहिए." ते आईकडे वळले. "इतक्या वर्षांत त्या माणसानं मले पाणी नाही विचारलं, कमल. मले त्या चहाचं भेव वाटून राहिलं."

चहाचं काय ते दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर आलं. खुर्सीपारकडच्या एका गल्लीत सीवरचा चेंबर तुंबला होता, घाण पाणी लोकांच्या दारात येत होतं. तो शनिवारी साफ करायचा, 'प्रशिक्षित अधिकारी श्री दयाराम लांजेवार की उपस्थिति में', आणि ते काम ट्रेनिंगच्या लिंकवर लाइव्ह दाखवायचं, म्हणजे बाकीचे शिकतील. प्रशिक्षण सुरू झाल्यापासून नियमच झाला होता की सर्टिफिकेटवाला अधिकारी हजर असल्याशिवाय चेंबर उघडायचा नाही. नियम चांगला होता. आता सर्टिफिकेटवाला एकच होता.

"अन् मशीन?" आईने विचारलं.

"सक्शनची गाडी बिघडली. दुरुस्तीले गेली."

"मंग उपसन कोन?"

"तेजराम आहे ना."

"तेजराम मशीन आहे का?"

तेजराम काका बाबांच्या गँगमधले. ठेक्यावर. दर पोळ्याला आमच्याकडे येऊन घरी केलेला ठेठरी-खुर्मीचा फराळ देऊन जातात, आणि मला बघून म्हणतात, "मोर कलेक्टरिन नोनी," माझी कलेक्टर पोरगी.

मी बाबांसमोर जाऊन बसले. "बाबा, माणूस उतरवायचाच नाही आहे. मॅडमनं सांगतलं ना. अन् मशीन नसन त आजूबाजूचे सगळे झाकणं आधी उघडे ठेवायचे, अन् गॅस मोजल्याशिवाय..."

"मालूम आहे मले."

"काय करान मंग?"

"काय करायचं ते करतोच ना आमी. झाकण काढतो. वास घेतो. वास असला त थांबतो. वास गेला की उतरवतो."

"नाही बाबा. तसं नाही होत. तो सडल्या अंड्यासारखा वास राहते ना, तो गॅस जास्त असला की आपलं नाकच काम करत नाही. वास गेला म्हणजे गॅस गेला असं नाही."

"गुंजन," बाबा म्हणाले, आणि ते फार दमलेले दिसत होते, "तू स्क्रीनवर पाहिलं. माही जिंदगी त्या चेंबरजवळ गेली. अन् मी नाही म्हणू का साहेबाले? काय सांगू? टॉपर आहो पण मले येत नाही म्हणू?"



शनिवारी शाळेला सुट्टी होती. मोना, शुभम आले नाहीत. मोनाने मेसेज केला, 'मम्मी ने मना किया है, तेरे घर नहीं जाना अभी.' मी एकटीच टेबलाशी बसले. हजेरी तर दाबायचीच होती. बाबांच्या नावाने लिंक उघडली आणि थोड्याच वेळात स्क्रीनवर ती गल्ली आली. ऑफिसातला कोणीतरी फोन धरून उभा होता, चित्र हलत होतं. दोन्हीकडे घरं, एका दारात बादली, बायका पदर नाकाला लावून उभ्या. मधोमध उघडा चेंबर. त्याच्याजवळ माझे बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून. आईने सकाळी तो मुद्दाम काढून दिला होता.

त्यांच्या बाजूला तेजराम काका. बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, कमरेला दोर. तोंडाला गमछा गुंडाळलेला. बस, एवढंच. ना अंगाला बांधायचे पट्टे, ना मास्क, ना दोर टांगायची तिपाई, व्हिडिओत जे जे दाखवलं होतं त्यातलं काहीच नाही. आजूबाजूची झाकणं बंद होती. एकावर कोणाची तरी स्कूटी उभी होती.

"तो देखिए साथियो," साहेबांचा आवाज आला. ते केबिनमधूनच बोलत होते. "ये है प्रशिक्षण का लाभ."

मी बाबांना फोन लावला. फोनवर रिंग जात होती आणि स्क्रीनवर बाबा तसेच उभे होते. मग त्यांचा आवाज माझ्या कानात आला, "हॅलो," आणि त्यानंतर थोड्या वेळाने स्क्रीनवरच्या बाबांनी खिशातून फोन काढला. चित्र मागे पडत होतं. मी जे बघत होते ते होऊन गेलेलं होतं.

"बाबा, वास येऊन राहिला का?"

"सकाळी झाकण काढलं तेव्हा लय येत होता. डोकं फिरून राहिलं होतं. आता बिलकुल नाही. काहीच नाही. तू चिंता नको करू."

"बाबा, काकाले उतरवू नका. वास गेला नाही, नाक गेलं तुमचं. मी सांगतलं होतं ना. बाबा, ऐका ना."

"साहेब पाहून राहिले, गुंजन. ठेव."

"बाबा, फोन ठेवू नका."

स्क्रीनवर तेजराम काकांनी एक पाय आत टाकला. म्हणजे खरं तर कधीचाच टाकला असेल. आणि नेमकी त्यांच्या छातीवर ती चौकट आली. 'क्या आप उपस्थित हैं?'

मी 'हां' दाबलं नाही. मी त्याच्या खालचं माइकचं बटण दाबलं.

"उनको बाहर निकालो. अंदर गॅस है. निकालो उनको, मत उतारो."

माझा आवाज मलाच परत ऐकू आला, गल्लीतल्या त्या फोनमधून, पातळ, फाटलेला. दयाराम लांजेवार या नावाच्या चौकटीतून एक पोरगी ओरडत होती आणि दयाराम लांजेवार सगळ्यांसमोर चेंबरजवळ उभे होते. चौकटींमधले चेहरे इकडेतिकडे बघायला लागले. "कौन है ये?" साहेब म्हणाले. "म्यूट कीजिए." माझा माइक बंद झाला. मी पुन्हा दाबला, उघडेना. मॅडम काहीतरी म्हणत होत्या, "रुकिए, एक मिनट रुकिए, हार्नेस कहाँ है?" पण कॅमेरावाला ते ऐकत नव्हता.

कानाला लावलेला फोन मात्र सुरूच होता. तिकडे बाया बोलत होत्या, कोणीतरी म्हणालं, "धीरे, धीरे." मग बाबांचा आवाज आला, "तेजराम." थोडं थांबून, जोरात, "तेजराम. ए तेजराम, बोल ना बे."

मी स्क्रीनकडे पाहिलं. तिथे तेजराम काका अजून खांद्यापर्यंत बाहेर होते, गमछा नीट करत होते.

"ओढा त्याले, ओढा," कानात बाबा म्हणाले. आणि मग असा आवाज जसा माणूस गुडघ्यावर बसतो.

"बाबा, तुमी वाकू नका," मी ओरडले. "तुमी आत नका वाकू. दोर ओढा फक्त. बाबा, तोंड वर करा."

आई शिलाई मशीनवरून धावत आली. तिने स्क्रीन पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "काय झालं? दिसून त राहिले दोघंही चांगले," ती म्हणाली. मला तिला सांगता येईना की हे आधीचं आहे. मग आमच्या डोळ्यांसमोर तेजराम काकांचं डोकं आत गेलं, दोर ताठ झाला, बाबा खाली बसले, चेंबरच्या तोंडावर वाकले आणि एकदम मान मागे घेतली. दोन जणांनी दोर धरला. चित्र हललं, एक भिंत, आकाश, कोणाची तरी चप्पल, आणि लिंक बंद झाली. पांढऱ्या स्क्रीनवर लिहून आलं, सत्र समाप्त.

फोनही कटला होता.

त्यानंतर बाबांचा फोन लागेना. आई नुसती म्हणत होती, "लाव ना, लाव ना," आणि मी लावतच होते. शेवटी तिने पायात चपला घातल्या, सुईदोरा तसाच पदराला खोचलेला, आणि आम्ही ऑटोने खुर्सीपारकडे निघालो. वाटेत सुपेल्याला नेहमीसारखी गर्दी होती. एक ठेलेवाला मधेच उभा, मागे बस हॉर्न देते आहे, आणि आई ऑटोवाल्याला म्हणते, "भैया, जरा जल्दी," इतक्या हळू की त्याला ऐकूच जाऊ नये. मी डोळे मिटले तर दोर दिसायचा, म्हणून मी दुकानांच्या पाट्या वाचत बसले. मोठ्याने. आईने थांबवलं नाही.

मधेच बाबांचा फोन आला. ते दवाखान्यात होते. "आहे," एवढंच म्हणाले. "आहे तो. ऑक्सिजन लावला."

तेजराम काका पलंगावर होते, नळी नाकाला, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. अंगाला अजून तो चिखल होता. त्यांच्या पायाशी मैनाबाई, त्यांची बायको, पदराने त्यांची बोटं एकेक करून पुसत होती. बाबा भिंतीला टेकून उभे होते. इस्त्रीच्या शर्टाची छाती आणि बाह्या काळ्या. मी त्यांच्याजवळ गेले तर त्यांनी माझा हात धरला.

मैनाबाईने मान वर केली. ती रडत नव्हती, भांडतही नव्हती. तिने बाबांना फक्त विचारलं, "सोमवार के घलो इही ला उतारहू का, साहेब?"

सोमवारीही यालाच उतरवणार का. सोमवार कुठून आला ते मला कळलं नाही, पण विचारायचीही भीती वाटली.

ते घरी आल्यावर कळलं. ऊन उतरत होतं, आईने चहा ठेवला होता आणि तिघांपैकी कोणीच तो पीत नव्हतं. साहेबांचा फोन दवाखान्यातच येऊन गेला होता. ते म्हणाले होते की रिपोर्ट पाठवून दिला आहे, नेटवर्कमुळे लाइव्ह बंद पडलं, पण प्रात्यक्षिक यशस्वी झालं. मॅडमनी विचारलं ती पोरगी कोण होती, तर कोणाच्या तरी घरचं लेकरू मधे बोललं असं सांगितलं. मजूर उन्हामुळे चक्कर येऊन पडला. काम अर्धंच झालं आहे, गल्लीतले लोक ओरडून राहिले आहेत, ते सोमवारी पूर्ण करायचं. तेजराम नसेल तर दुसरा बघा.

"तुमी काय म्हणलं?" आईने विचारलं.

"जी म्हणलं."

"जी?"

"मंग काय म्हणू?" बाबा पहिल्यांदा जरा मोठ्याने बोलले. "साहेब म्हणे, तुम्ही प्रशिक्षित आहात, नियम तुम्हाले पूर्ण मालूम आहे, काही झालं त जबाबदार तुम्हीच. नाही म्हणलं त म्हणन, बॅचमधला पहिला माणूस काम नाकारून राहिला. त्या कागदानं माहा गळा धरला आहे, कमल. तो कागद नसता त म्हणलं असतं, साहेब, मले याच्यातलं काही समजत नाही, गाडी येऊ द्या."

"बिमार पडा," आई म्हणाली. "सोमवारी जाऊच नका."

"मंगळवारी जाईन ना. तेव्हा?"

माझ्या फोनवर मोनाचा कॉल आला. मी बाल्कनीत जाऊन घेतला. ती रडत होती. "गुंजन, तू किसी को कुछ बोलना मत. मम्मी बोल रही है सबका निकलेगा. सुशील अंकल का भी. प्लीज यार. हम लोग तो बस मस्ती कर रहे थे ना."

"मैं सिर्फ अपना बोलूँगी," मी म्हटलं.

"तेरा बोलेगी तो हमारा नहीं पूछेंगे क्या?"

हे खरं होतं. मी फोन ठेवला आणि तिथेच उभी राहिले. खाली कोणाची तरी मुलं सायकल शिकत होती. मी विचार करत होते असं म्हणता येणार नाही, मला फक्त पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, कानातला तो बाबांचा आवाज, "बोल ना बे," आणि समोर स्क्रीनवर तेजराम काका गमछा नीट करताहेत. सोमवारी त्यांच्या जागी कोण असेल त्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. आणि तो आत पडला तर बाबा या वेळी मान मागे घेतील याची कोणाला खात्री होती? बाबांना तर कोणी शिकवलंच नव्हतं की आत वाकायचं नाही. जे शिकवलं होतं ते मी शिकले होते.

मी आत आले. आई बाबांच्या शर्टाची बटणं काढून देत होती, जशी लहान मुलाची काढतात, आणि बाबा काढू देत होते. मी टेबलाच्या या बाजूला उभी राहिले. माझा आवाज स्टेजवरचा नव्हता.

"मी उद्या रायपूरच्या मॅडमले फोन करनार आहे," मी म्हटलं. "लिंकवर त्याईचा नंबर आहे."

"कायले?" बाबा म्हणाले.

"सांगाले की परीक्षा मी दिली. सगळ्या. हजेरी मी दाबली. अन् आज जी पोरगी ओरडली ती मीच होती. त्याईले सांगीन की दयाराम लांजेवारचं सर्टिफिकेट रद्द करा."

आईचा हात बटणावर थांबला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं ते आता ओरडतील. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"प्रभारीही राहनार नाही मी," ते हळूच म्हणाले. "नोटीस येईन. समजते का तुले?"

"समजते."

"तुह्या शाळेत गेलं त? हाऊस कॅप्टन आहे ना तू?"

"तेही समजते. मले आतापासूनच लय भेव वाटून राहिलं बाबा, उद्या फोन लावीन तेव्हा तोंडातून आवाज निघन का नाही तेही मालूम नाही. पण तुमच्या खात्यात सर्टिफिकेट दुसऱ्या कोनाजवळ नाही. तुमचं गेलं की सोमवारी तो चेंबर कोनालेच उघडता येनार नाही, गाडी दुरुस्त करूनच आनावी लागन. तुमी हो म्हणा का नाही म्हणा, मी फोन करनार."